खारीकची पेटी: ठाण्यात बॉल पायथनचं घर बसवताना

एप्रिलच्या पहिल्या रविवारी कॉलेजच्या मैत्रिणीचा फोन आला, अगं माझा व्हिसा आला, जूनच्या पहिल्या आठवड्यात कॅनडाला निघायचंय आणि खारीकला नेता येणार नाही, तू घेशील का? खारीक म्हणजे तिची बॉल पायथन, अजगराच्या कुळातला एक साप, दोन वर्षांची मादी, रंग सुक्या खारकेसारखा तपकिरी आणि त्यावर काळी नक्षी, म्हणून ते नाव. मी तिला तीन-चार वेळा हातात घेतलं होतं, ती मला आवडायचीच, त्यामुळे मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. फोन ठेवल्यावर जरा डोकं चालायला लागलं. ही जात नीट सांभाळली तर वीस ते तीस वर्षं जगते. मी आत्ता सत्तावीसची आहे, म्हणजे माझ्या पन्नाशीपर्यंतचा हिशोब एका फोनवर झाला होता.

आम्ही वर्तकनगरला राहतो, चौथा मजला, आई-बाबा आणि मी. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. आईने दोनच गोष्टी सांगितल्या, माझ्या स्वयंपाकघरात काहीही येता कामा नये आणि देवघराच्या भिंतीला पेटी लावायची नाही. हे एवढ्यावर निभावलं ह्याचंच मला नवल वाटलं. बाबांनी विचारलं, पेटीत टेंपरेचर किती लागतं? मी म्हटलं, एका बाजूला ३१-३२ डिग्री आणि दुसऱ्या बाजूला २५ ते २७. त्यावर ते म्हणाले, आणि बाहेर किती आहे आत्ता? मी मोबाईलवर बघितलं, ३६ होतं.

इथेच सगळं होतं, पण ते मला कळायला अजून तीन आठवडे लागले. कारण बॉल पायथन कसा पाळायचा ह्यावरचं जे काही मी वाचत होते आणि व्हिडिओ बघत होते, ते सगळं थंड देशातल्या लोकांनी केलेलं. सगळीकडे एकच, पेटी गरम कशी ठेवायची, ओलावा वाढवायचा कसा, पाण्याचा फवारा किती वेळा मारायचा. आणि आम्ही ठाण्यात, मे महिन्याच्या तोंडावर, पुढे पावसाळा. आमचा प्रश्न बरोबर उलटा होता.

पेटीकडे वळायच्या आधी कागदांचं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त लोकांनी तेच विचारलंय. आपल्याकडचा कुठलाही साप, धामण असो, अजगर असो, नाहीतर येऊरच्या जंगलातून सोसायटीत आलेलं एखादं पिल्लू असो, घरात पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, त्यात काही पळवाट नाही आणि असूही नये. बॉल पायथन आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन ह्या पट्ट्यातला, पण तो साईट्सच्या, म्हणजे वन्य प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे, आणि आपल्या कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते, २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर. मैत्रिणीची नोंदणी होती, माझ्याकडे आल्याची नोंद आम्ही दोघींनी बसून केली. ज्याच्याकडे कागद नाहीत त्याच्याकडून कितीही गोंडस साप मिळत असला तरी घेऊ नका, हे मी अगदी हात जोडून सांगते. सोसायटीत कुजबुज झाली तेव्हा सेक्रेटरीकाकांना मी हीच फाईल दाखवली आणि विषय पाच मिनिटांत संपला.

आता पेटी. मैत्रिणीने तिला मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं होतं, साफ ठेवायची, पण खारीक आता सव्वातीन फुटांची झाली होती आणि तिला अंग पसरायला जागा नव्हती. मला चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच हवी होती. मी आधी प्लायवूड म्हणत होते. बाबा म्हणाले, प्लाय पहिल्या पावसात फुगेल, शिवाय त्याचा आणि फेविकॉलचा वास महिनाभर जात नाही, आपण पीव्हीसी बोर्ड घेऊ, हल्ली किचनच्या ट्रॉल्या करतात ना तो. मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला आकृती काढली. शीट येते आठ बाय चारची, म्हणजे बत्तीस चौरस फूट. वरचा भाग आठ, खालचा आठ, पाठ आठ, दोन बाजू चार-चार. झाले बत्तीस. समोर काच. एक शीट, एक इंच वाया नाही! करवतीच्या जाडीएवढं काय ते दोन-तीन मिलीमीटर जाणार. रिटायर झाल्यापासून त्यांना इतकं खुलून काही करताना मी पाहिलं नव्हतं.

लोकमान्यनगरच्या सुतारांनी दोन दिवसांत खोका ठोकून दिला. ते म्हणाले, माश्यांची टाकी करताय तर पाणी गळेल हो ह्यातून. बाबांनी खरं सांगितलं, तर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, मग काचेला लॉक चांगलं घ्या, दुकानाच्या शोकेसला असतं ते दातेरी पट्टीचं. ह्याहून चांगला सल्ला मला कोणीच दिला नाही. समोरच्या सरकत्या काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे बारीक फट राहते, सापाचं डोकं जिथे शिरतं तिथून त्याचं अंगही बहुतेक वेळा सरपटत बाहेर येतं, आणि मोठ्या सापालाही नाक घालून घालून काच सरकवता येते. आम्ही फटीत पट्टी बसवली आणि लॉक लावलं. सांधे आतून सिलिकॉनने बंद केले, अॅक्वेरियमला वापरतात ते, त्याला आधी व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत आठ दिवस पेटी बाल्कनीत उघडी ठेवली.

आत काय घालायचं ह्याच्यात मी एक चूक करता करता राहिले. जांभळी नाक्याच्या बाजूला एका दुकानात लाकडाचा भुसा मिळाला, स्वस्त, छान सुगंधी, दुकानदार म्हणाला देवदारचा आहे, ससे-उंदीर सगळ्यांना घालतात. मी पिशवी घेऊन घरी आले आणि रात्री वाचलं की तो सुगंध हाच प्रॉब्लेम, देवदार आणि पाइनसारख्या लाकडातल्या तेलाची वाफ बंद पेटीत सापाच्या फुप्फुसाला त्रास देते. दुसऱ्या दिवशी परत केला. मग कोकोपीट, नारळाच्या काथ्याचं, जे आपल्या कोकणात काय कमी आहे का. नर्सरीत पाच किलोची वीट मिळते, फक्त विचारून घ्या की त्यात खत मिसळलेलं नाही ना, आणि घरी आणून दोन-तीन पाण्यात धुवा कारण त्यात बऱ्याचदा क्षार असतो. मी बादलीत भिजवलं, आईच्या जुन्या साडीत पिळलं आणि गच्चीवर पसरलं. त्यावर बदामाची वाळलेली पानं, सोसायटीतल्या झाडाचीच, उकळून वाळवून. पेरूची एक जाड फांदी मावशीने बदलापूरहून आणून दिली, ती घासून उन्हात ठेवली.

लपायच्या जागा दोन लागतात, एक गरम बाजूला आणि एक थंड, आणि त्या घट्ट लागतात. हे मला आधी पटत नव्हतं, वाटायचं मोठी प्रशस्त गुहा द्यावी. पण हे साप आफ्रिकेत उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात राहतात, अंगाला सगळीकडून भिंत लागली की त्यांना सुरक्षित वाटतं. एकच लपायची जागा दिली तर त्याला सुरक्षितपणा आणि योग्य ऊब ह्यातलं एक निवडावं लागतं आणि तो बहुतेक वेळा लपणंच निवडतो, मग पचन बिघडतं. मी मातीच्या दोन पसरट कुंड्या घेतल्या, बाबांनी ग्राइंडरने दार कापलं आणि कडा कानशीने इतक्या घासल्या की हात फिरवला तर खरखर लागू नये.

हीटर म्हणून सिरॅमिकचा लावला, जो उजेड देत नाही, नुसती उष्णता देतो. आधी १०० वॉटचा आणला होता, बाबा म्हणाले हा कशाला, एवढ्यात आपण खिचडी शिजवू, तो बदलून ६० चा घेतला. त्याला जाळीचा पिंजरा पाहिजेच, नाहीतर साप त्याला वेटोळं घालतो आणि भाजतो, त्याला भाजतंय हे वेळेवर कळतच नाही. वरच्या पीव्हीसीला आच लागू नये म्हणून मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा. आणि थर्मोस्टॅट, ठरलेल्या टेंपरेचरला हीटर आपोआप बंद-चालू करणारा, अंडी उबवायच्या मशीनला लावतात तो डिजिटल कंट्रोलर, मुंबईच्या लोहार चाळीतून. थर्मोस्टॅटशिवाय कुठलाही हीटर लावू नका, ह्या बाबतीत मी कोणाचं काही ऐकून घेत नाही. त्याचा सेन्सर नुसता चिकटपट्टीने लावू नका हेही सांगते, कारण आमचा तिसऱ्या दिवशी निघाला, गरम बाजूवरून घरंगळून थंड बाजूला जाऊन पडला, आणि थर्मोस्टॅटला वाटत राहिलं की अजून थंडच आहे. मी ऑफिसहून आले तेव्हा हीटरखालची फांदी ४४ डिग्री होती. पेटी रिकामी होती म्हणून निभावलं. मी पलंगावर बसून रडले, कारण ती आत असती तर. बाबांनी काही न बोलता क्लॅम्प आणि स्क्रूने सेन्सर बसवला आणि लाईनमध्ये दुसरा कटऑफ टाकला, ३५ ला सगळंच बंद करणारा.

टेंपरेचर मोजायला कोविडमध्ये घेतलेली कपाळावर धरायची गन काढली, ती कुंडीवर धरली की 'लो' दाखवायची, कारण ती फक्त माणसाच्या तापाच्या रेंजची. बाबांच्या जुन्या कंपनीतल्या मित्राने फॅक्टरीतली गन दिली. ओलाव्याचे मीटर ऑनलाइन दोन मागवले, एक दाखवे ६८ आणि दुसरा ७७, शेजारी शेजारी ठेवून. ह्याला घरच्या घरी एक उपाय आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, चार थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळून जाऊ द्यायचं नाही, आणि ते झाकण आणि मीटर एका डब्यात घट्ट बंद करून रात्रभर ठेवायचं. आतला ओलावा ७५ टक्क्यांवर येऊन थांबतो, ओल्या मिठाचा तो गुणच आहे. आईच्या लोणच्याच्या एअरटाइट डब्यात दोन्ही ठेवले. सकाळी एक ७३ दाखवत होता, दुसरा ८२. म्हणजे एकात दोन मिळवायचे, दुसऱ्यातून सात वजा करायचे, मी मार्करने त्यांच्या पाठीवर लिहून ठेवलं.

मग रिकामी पेटी पंधरा दिवस चालवली. साप यायच्या आधी हे करा, प्लीज करा. बाबांनी दोनशे पानी वही घेतली, कंपनीत लॉगबुक ठेवायचे तशी, रेघा मारून रकाने केले: वेळ, खोली, गरम बाजू, थंड बाजू, ओलावा, शेरा. सकाळी सात, दुपारी बारा, चार, रात्री आठ, अकरा. मी ऑफिसला ऐरोलीला असायचे आणि दुपारचे आकडे ते मला मेसेज करायचे. पाच मेचा चारचा आकडा अजून पाठ आहे. खोली ३४, गरम बाजू ३४.६, थंड बाजू ३३.४. हीटर सकाळपासून बंद. शेरा: 'थंड बाजू अस्तित्वात नाही.'

म्हणजे जिथे सापाने उन्हातून येऊन गार व्हायचं ती जागाच नाही. पेटी माझ्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला होती आणि ती भिंत संध्याकाळी हात लावला तर पोळीचा तवा. मी पहिला उपाय केला तो मातीचा, मला स्वतःला फार आवडला होता, थंड बाजूच्या कुंडीवर ओलं फडकं, माठ जसा गार होतो तसं. टेंपरेचर एक डिग्रीने उतरलं आणि ओलावा ८८ वर गेला. बाबा म्हणाले, अगं हे नागपूरला चालेल, तिकडे हवा कोरडी, पाणी उडतं म्हणून गार होतं, आपल्याकडे हवेतच एवढं पाणी आहे, ते उडणार कुठे. कुलर ठाण्यात का चालत नाही ते मला तेव्हा नीट कळलं.

शेवटी जमलं ते साध्या गोष्टींनी. पेटी पश्चिमेच्या भिंतीवरून काढून आतल्या, पॅसेजच्या भिंतीला आणली, तेवढ्यानेच दोन डिग्री गेले. वरच्या स्टँडवरून खाली आणली, जमिनीपासून फूटभर, तिथे छताजवळच्यापेक्षा हवा गार असते. खिडकीला जाड पडदा. आणि दुपारी बारा ते सहा एसी २७ वर, मे महिन्यापुरता. बिल वाढलं, मी ते माझ्या पगारातून देते आणि ते मी धरूनच चालले होते. चौदाव्या दिवशी चारचा आकडा: गरम ३१.५, हीटरसकट, थंड २७.२. बाबांनी वहीत त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

लाईट गेली तर काय, हेही आधी ठरवलं. पीव्हीसीच्या पेटीत आतली उष्णता आतच राहते, थंडीत ते चांगलं, मे महिन्यात बंद एसीत ते धोक्याचं. म्हणून सुती उशीचा अभ्रा आणि भोकं पाडलेला डबा तयार ठेवलाय, तासाभरात लाईट आली नाही तर खारीकला अभ्र्यात घालून, गाठ मारून, डबा बाथरूमबाहेरच्या फरशीवर, घरातली सगळ्यात गार जागा तीच.

एक गोष्ट पेटीच्या बाहेरची, पण तितकीच महत्त्वाची. आमच्याकडे संध्याकाळी डासांची अगरबत्ती लागायचीच, वर कपाटात डांबरगोळ्या, झुरळांचा स्प्रे, फिनाईलने फरशी. डासांच्या अगरबत्तीत आणि स्प्रेमध्ये जी पायरेथ्रॉइड्स नावाची कीटकनाशकं असतात ती सापांना विषारी आहेत आणि फिनाईलही. बंद पेटीत हवा यायचा रस्ता फक्त जाळ्यांतून, त्या रस्त्याने जे येईल ते ती श्वासात घेणार. आम्ही सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसवल्या, अगरबत्ती पूर्ण बंद केली, माझ्या खोलीची फरशी नुसत्या गरम पाण्याने. आई म्हणाली, हे तर आपण आपल्यासाठीच कधीतरी करायला हवं होतं.

खारीक आली ती तीस मेला, संध्याकाळी, अभ्र्यात. मैत्रीण तिला पेटीत सोडताना काही बोललीच नाही, काचेवर हात ठेवून उभी राहिली. खारीकने दोन मिनिटं जीभ काढत सगळ्या कडेने एक फेरी मारली आणि थंड बाजूच्या कुंडीत शिरली. आत वेटोळं करून तिने डोकं मध्ये घेतलं, नुसता चेंडू. कुंडीच्या तिन्ही बाजूंना तिचं अंग लागत होतं. आठ दिवस आम्ही तिला हात लावला नाही, पाणी बदलायचं आणि बाहेर. काचेवर अर्ध्यापर्यंत कागद लावला, की येता-जाता आम्ही दिसू नये.

खाणं पहिल्या दोन वेळा नाकारलं. फ्रोझन उंदीर देतो, माझ्या खोलीत त्याचा वेगळा छोटा फ्रीझर आहे, आईच्या फ्रिजशी काही संबंध नाही. पहिल्यांदा आठव्या दिवशी दिला, बघितलाही नाही. पंधराव्या दिवशी वास घेतला आणि मागे गेली. मी घाबरले होते, मैत्रिणीला रात्री दोनला मेसेज केले. पण वजन बघत होते, आली तेव्हा ७६० ग्रॅम, आता ७४८, एवढ्याने काही होत नाही, बॉल पायथन जागा बदलली की उपास करतातच. तेविसाव्या दिवशी कुंडीच्या दारातूनच झडप घातली. उंदीर आधी गरम पाण्यात पूर्ण वितळवून वर ड्रायरने ऊब दिली होती, त्यांच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, गार खाणं त्यांना खाणं वाटतच नाही.

मला वाटलं जमलं. मग जुलै आला.

तुम्ही ठाण्यात राहत असाल तर तुम्हाला माहितीये जुलै काय असतो, चामड्याच्या चपला हिरव्या होतात आणि मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. पेटीतला ओलावा मीटरच्या चुका वजा करून ९२. मी फवारा कधीच मारत नव्हते तरी. बॉल पायथनला ६० ते ७० छान, कात टाकताना थोडा जास्त. कोकोपीट खालून ओलं, कोपऱ्यात पांढरी बुरशी. मी ती दोन दिवस उचलत राहिले, वरवर साफ करत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी खारीकला वजनाला घेतलं तेव्हा पोटाकडचे तीन-चार खवले लालसर दिसले, दोनांच्या कडा तपकिरी. माझ्या हाताला घाम फुटला. एक्झॉटिक प्राण्यांच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी नेलं. त्यांनी बघून सांगितलं, सुरुवात आहे, वेळेवर आणलंत, ओल्या जमिनीवर बसून होतं हे. मलम दिलं, पातळ केलेल्या पोविडोन आयोडीनने पुसायला सांगितलं, आणि पेटीतलं सगळं काढून कोरडा कागद घाला म्हणाले, रोज बदला.

मग मी नीट समजून घेतलं, हवेतला ओलावा आणि जमिनीचा ओलावा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवा थोडी दमट असली तरी चालतं, पण जिच्यावर ती चोवीस तास पोट टेकून बसते ती जागा कोरडी लागते आणि हवा खेळती लागते. आमच्या पेटीला दोन्ही बाजूंना जाळ्या होत्या पण दोन्ही वर. म्हणजे गरम हवा वरून जायला तयार, पण खालून नवीन यायला जागाच नाही. बाबा म्हणाले, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं, कंपनीत प्रत्येक पॅनेलला खाली एक लूव्हर, म्हणजे हवेचा झरोका, आणि वर एक ठेवतो आपण. ते लगेच थंड बाजूला खाली जाळीसाठी भोक पाडायला निघाले, होलसॉ लावून ड्रिल हातात. नेमकी त्या दिवशी नागपंचमी. आईने सकाळी पाटावर चंदनाने नाग काढले होते, लाह्या-दूध ठेवलं होतं, घरात त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाचे दिंड वाफवायला लावले होते. ती ड्रिलचा आवाज ऐकून आतून आली आणि म्हणाली, अहो आज तिच्या घरात कापाकापी करताय? उद्या करा. बाबांनी ड्रिल खाली ठेवलं. खारीक कागद घातलेल्या डब्यात होती, ती आणखी एक दिवस डब्यात राहिली.

दुसऱ्या दिवशी भोक पडलं, जाळी बसली, वरच्या जाळीच्या बाहेर कॉम्प्युटरचा जुना १२ व्होल्टचा पंखा लावला, तासातून दहा मिनिटं फिरणारा. एसी रोज दोन तास ड्राय मोडवर. ओलावा ७२ ते ७५ वर आला आणि पूर्ण पावसाळा तिथेच राहिला. तीन आठवडे ती कागदावर होती, मराठी पेपरची पानं अंथरायचो, रोज रात्री बदलायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. आता पावसाळ्यात कोकोपीट घालायचंच नाही असं ठरवलंय, दिसायला छान नसेल पण कागदावर ओल लगेच दिसते.

ऑगस्टच्या शेवटी तिचे डोळे दुधाळ निळसर झाले, अंग फिकट पडलं, ती दहा दिवस कुंडीतून फारशी निघाली नाही. मी एका डब्यात ओलं शेवाळ घालून ठेवलं, तिला वाटलं तर जाईल म्हणून, गेली. एका सकाळी पेरूच्या फांदीवर कात लटकत होती, मोज्यासारखी उलटी सोललेली, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकसंध. आधी मी डोळे बघितले, दोन्ही डोळ्यांवरचे पापुद्रे कातीबरोबर निघाले होते, ते राहिले तर डोळ्याला त्रास होतो. मग तिला उलटं करून पोट बघितलं, जिथे डाग होते तिथे नवे खवले, पांढरे, ओल्या नारळाच्या खोबऱ्यासारखे. आईने कात ट्यूबलाईटसमोर धरली, प्रत्येक खवल्याची रेघ दिसत होती. बाबांनी टेपने मोजली, सव्वाचार फूट, ती स्वतः साडेतीनचीही नाही, कात निघताना ताणली जाते. वहीत लिहिलं, 'कात पूर्ण. डोळे दोन्ही. पोट साफ.'

आता डिसेंबर चालू आहे. गेल्या आठवड्यात पहाटे खोली २१ वर गेली, आणि ज्या हीटरबद्दल मी एप्रिलमध्ये सगळ्यात जास्त वाचलं होतं त्याला आत्ता कुठे रात्रभर काम लागलंय. पेटीच्या तीन बाजूंना आईने जुनी गोधडी लावून दिली, जाळ्या मोकळ्या ठेवून. रात्री थर्मोस्टॅटच्या रिलेचा टिक असा आवाज होतो, बारीकच, पण बाबांची झोप हलकी, ते हॉलमधून विचारतात, लागला का गं? मी आतून सांगते, लागला, ३१.

मग ते कूस बदलतात.